न लिहिलेल्या नाटकाची तालीम

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, किंवा ज्यांना लोकलच्या गर्दीत इयरफोन काढायलाही जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोललोय तसाच लिहिलाय, फक्त शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज गाळलाय.

आजचा विषय तुमच्या व्हॉइस नोट्समधून आलाय. दोन प्रश्न सारखे येतात. पहिला: "इम्प्रॉव्हमध्ये ऐनवेळी सुचतं कसं?" दुसरा: "नोकरी सोडून हेच करू का?" माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, राहतो शीवला. दर शनिवारी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही पाच जण इम्प्रॉव्हचा सराव करतो. म्हणजे स्क्रिप्ट नाही, प्रेक्षकाने एक शब्द द्यायचा आणि आपण तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा.

लोकांना वाटतं हे अमेरिकेतून आलं. आजचं त्याचं रूप तिथलंच आहे. शिकागोत व्हायोला स्पोलिन या बाईंनी मुलांसाठी नाटकाचे खेळ तयार केले, आणि त्यांचा मुलगा पॉल सिल्स याने 1959 मध्ये मित्रांबरोबर 'सेकंड सिटी' सुरू केलं. पण संहितेशिवाय नाटक करणारी माणसं बघायला तिकीट काढून शिकागोला जायची गरज नाही. शीवहून तीन स्टेशनांवर परळ. परळ-लालबागमध्ये सिंधुदुर्गातली किती कुटुंबं आहेत, हे तुम्हाला माहितीय. त्यांना विचारा, दशावतार म्हणजे काय.

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर अशी मंडळं आहेत, जत्रेच्या हंगामात त्यांचे गावोगाव प्रयोग असतात. नाटकाआधी रंगपटात ठरतं की आज कुठलं आख्यान, कोण राजा, कोण राक्षस, कोण राणी. प्रवेशांचा क्रम ठरतो. बस्स. संवाद रंगमंचावर. नेपथ्य म्हणाल तर एक बाकडं, तेच सिंहासन. साथीला पेटी, पखवाज, झांज.

आता माझ्यातला इंजिनीअर विचारतो, ही सिस्टीम रात्रभर क्रॅश का होत नाही?

कारण एक: सांगाडा पक्का असतो. गोष्ट कुठे सुरू होणार आणि कुठे संपणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मोकळीक असते ती मधल्या वाटेत.

कारण दोन: साठा. रामायण, महाभारत, पुराणं या नटांच्या जिभेवर असतात. राजाचं भारदस्त मराठी वेगळं, विनोदी पात्राची मालवणी वेगळी. ऐनवेळी सुचतं ते हवेतून येत नाही, या गोदामातून येतं.

कारण तीन: ऐकणं. समोरच्याचं पुढचं वाक्य तुम्हाला माहीत नाही, त्यामुळे ते ऐकावंच लागतं. इम्प्रॉव्हच्या वर्गात यालाच 'यस, अँड' म्हणतात. समोरच्याने दिलेलं स्वीकारायचं आणि त्यात आपली भर घालायची.

उदाहरण घ्या. एक जण म्हणतो, "अगं, ही फास्ट लोकल आहे, शीवला थांबत नाही." ती म्हणाली, "ही लोकल नाहीच, हे हॉटेल आहे," तर प्रसंग जागीच मेला. पण ती म्हणाली, "माहितीय, म्हणून तर आईला प्लॅटफॉर्मवर गादी धरून उभं केलंय," की आता गोष्ट आहे, आई आहे आणि धोकासुद्धा आहे!

तमाशातही हेच. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेला. बतावणीत सोंगाड्या गावातल्या कालच्या भानगडीवर आज बोलतो. याच परंपरेतून दादा कोंडके आले, आणि इथे तुमचा दुसरा प्रश्न सुरू होतो.

दादा 1932 सालचे, गिरणगावात वाढलेले. अपना बाजारमध्ये नोकरी, बँड, सेवादलाच्या कलापथकात काम, मग स्वतःचं पथक. 1965 च्या सुमारास वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं, तेव्हा दादांनी तिशी ओलांडली होती. सबनीसांचा वग लिहिलेला होता, राजाच्या छपरी पलंगाची गोष्ट ठरलेली होती. पण दादा त्यात त्या दिवसाचं राजकारण घालायचे, त्यामुळे कालचा प्रयोग आणि आजचा प्रयोग सारखा नसायचा. असे हजाराहून जास्त प्रयोग झाले. 1969 मध्ये भालजी पेंढारकरांचा 'तांबडी माती', 1971 मध्ये स्वतःचा 'सोंगाड्या'. पडद्यावरचं ते टायमिंग आधी हजार रात्री वेगवेगळ्या गावांत तपासून घेतलेलं होतं. कुठे हशा येतो, कुठे थांबायचं, कुठलं वाक्य टाकून द्यायचं, हे प्रेक्षकांनी त्यांना शिकवलं.

म्हणजे बघा, सुचायला साठा लागतो. साठ्याला प्रयोग लागतात. प्रयोगांना वर्षं लागतात. आणि ती वर्षं काढायला घरात डाळ-तांदूळ लागतो. म्हणून "नोकरी सोडू का?" याआधी विचारा, "पुढच्या वर्षभरात माझे लोकांसमोर किती प्रयोग होतील?" राजीनामा देऊन दहाच होणार असतील, तर तो राजीनामा घरी बसण्यासाठी आहे. नोकरीत राहून साठ होत असतील, तर सध्या नोकरी हीच तुमची नाटक कंपनी.

कोकणात दशावतारी नटाबद्दल म्हणतात, 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.' रात्री मुकुट आणि सकाळी स्वतःचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाची वाट. मला या म्हणीत कौतुक ऐकू येतं आणि इशारासुद्धा. कलेसाठी गरिबी चांगली, असं मी म्हणणार नाही. त्या नटांना जास्त पैसे मिळायलाच हवेत. पण बोजा उचलायची तयारी नसेल, तर मुकुटाचा विचार करू नये, हेही खरं.

माझ्यापुरतं सांगतो. आम्हाला सहा आठवड्यांच्या दौऱ्याची विचारणा आलीय. कॉलेजं, छोटे हॉल, मिळून बावीस प्रयोग. मानधनातून प्रवास आणि जेवण निघेल, घराचा हप्ता नाही. मी बिनपगारी रजा मागितली, ती मिळाली. पण ज्या प्रोजेक्टचा मी लीड होणार होतो, तो आता दुसऱ्याकडे जाईल. आईचं म्हणणं, "बावीस प्रयोगांसाठी प्रमोशन सोडतोस?" मी म्हटलं, "हो, आणि हप्त्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेत." आई हसली नाही. पण डबा कुठला न्यायचा, हे तिने लगेच काढलं.

बावीस प्रयोगांनंतर मी नट होईन की चांगला इंजिनीअर राहीन, माहीत नाही. पण तेव्हा ठरवायला माझ्याकडे अंदाज नाही, अनुभव असेल.

तुमच्यासाठी या आठवड्याचा गृहपाठ: एक दिवस घरी कुणालाही "नाही, पण" म्हणायचं नाही. "हो, आणि" म्हणून बघा. काय झालं ते व्हॉइस नोटवर पाठवा. आणि परळ, दादर, गिरगावात दशावताराचा प्रयोग लागला, तर तिकीट काढून पुढच्या रांगेत बसा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि समोरच्याचं ऐका!