दुखणं थांबलं, ताकद आली का?

मुदखेडला आम्ही काही मंडळी संध्याकाळी कबड्डी खेळतो. कोणी रेल्वेत, कोणी फुलशेतीत, मी शाळामास्तर. एकदा चढाईहून मध्यरेषेकडे झेपावताना मांडीच्या मागच्या बाजूला कटकन झालं. घरी शेक घेतला, तेल चोळलं. दहा दिवसांत नीट चालता येऊ लागलं आणि मी मैदानात हजर! पुन्हा तेच. वर्षभरात तीनदा.

तिसऱ्या वेळी नांदेडच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी विचारलं, "सर, दुखणं थांबलं; पण ताकद आली का?" मी गप्प. चालताना न दुखणारा स्नायू वेगात पळताना ताणला जातो आणि तिथेच दगा देतो. एकदा दुखावलेला तर लवकरच.

त्यांनी एक व्यायाम शिकवला. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि पाठ सरळ ठेवून सावकाश पुढे झुकायचं. डेन्मार्कमध्ये 50 फुटबॉल संघांना घेऊन याचा अभ्यास झाला. तो 2011 साली प्रसिद्ध झाला. हा व्यायाम करणाऱ्यांत अशा दुखापती, विशेषतः पुन्हा होणाऱ्या, खूपच कमी आढळल्या.

पहिल्या दिवशी मी तोंडावरच पडलो. मुलगा घोटे धरून हसत होता. आधी व्यायाम, मग हळू पळणं, मग वेगात, शेवटी चढाई, असा क्रम ठरला. मधे गणपतीतला सामना आला. पोरं म्हणाली, "सर, एकच चढाई करा." मी बाहेर बसलो. आम्ही दोन गुणांनी हरलो. फार लागलं मनाला.

पण पुढचा पूर्ण हंगाम मी खेळलो. आजही खेळण्याआधी मुलगा घोटे धरतो. आता त्यालाही मी तेच करायला लावतो.