घरभर वाय-फाय : सोय आणि गैरसोय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनी चार शब्द बोलण्याचे काम मंडळाने मजवर सोपविले आहे. दरवर्षी या दिवशी पाककृती, आरोग्य, बचत यांवर भाषणे होतात. यंदाचा विषय जरा निराळा आहे. परंतु गेल्या वर्षभरात आपल्या बैठकीत पापडांच्या खालोखाल ज्याची चर्चा झाली, तो हाच विषय आहे. "तुमच्या घरी तो मेश का काय तो बसविला म्हणे. आम्हीही घ्यावा का?" असे मला किमान दहा जणींनी विचारले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण घरात आलेली वस्तू किती उपयोगी पडली आणि किती पैसे खाऊन बसली याचा हिशेब बाईलाच ठेवावा लागतो, आणि त्या हिशेबानेच मी बोलणार आहे.

इंटरनेट आपल्या देशात सर्वांसाठी खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. ग्रामपंचायतींपर्यंत काचेच्या तारेने ते पोहोचवावे ही योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आय.आय.टी.च्या मंडळींनी ग्राममार्ग नावाचा प्रयोग केला. टेलिव्हिजनसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरींवरून त्यांनी पाड्यापाड्यांना नेट नेऊन दिले. तेव्हा गावापर्यंत नेट आणण्याचा विचार करणारे पुष्कळ आहेत. उंबरठ्यापासून चुलीपर्यंत ते कसे यावे, हे मात्र घरच्यांनीच पाहावयाचे असते.

आता आपल्या गंगाखेडची जुनी घरे तुम्हाला ठाऊकच आहेत. दगडमातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, वर माळवद, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. या भिंतींनी आपल्याला उन्हाळ्यात तारले, पण वाय-फायच्या लहरी त्यांना मुळीच मानवत नाहीत. आमचा डबा ओसरीत, कारण तार तिथूनच आत आली. ओसरीत नेट धो धो, माजघरात निम्मे, स्वयंपाकघरात फोन नुसता गरगर फिरत बसे, आणि माडीवरच्या खोलीत तर नावच नको. माझी मुलगी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास तिथे करते. सरावाची परीक्षा मध्येच बंद पडली की ती खाली धावत येई, आणि तोवर वेळ निघून गेलेली असे. एकदा ती रडली, तेव्हा घरात या गोष्टीचा विचार सुरू झाला.

लहरी दोन जातींच्या असतात हे आधी लक्षात घ्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर सावकाश चालते, पण भिंतीतून बरीच दूर जाते. ५ गिगाहर्ट्झची चपळ आहे, पण भिंत आली की दमते. पत्रा, लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रीज आणि पाण्याची टाकी हे दोघींचेही वैरी. आमच्या एका शेजारणीने डबा धुळीपासून जपावा म्हणून लोखंडी कपाटात ठेवून दार लावले होते, आणि नेट देणाऱ्या कंपनीला रोज शिव्या देत होती!

मेश म्हणजे जाळी. एका डब्याऐवजी दोन किंवा तीन डबे घरात ठेवतात. पहिल्याला बाहेरची तार जोडतात, बाकीचे त्याच्याकडून घेतात आणि पुढे देतात. सगळ्यांचे नाव एक, परवलीचा शब्दही एक. तुम्ही ओसरीतून माडीवर गेलात की फोन आपोआप जवळचा डबा धरतो. असे घरगुती संच २०१६ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आले, आणि पुढे आपल्याकडेही आले. रिपीटर म्हणून स्वस्तातली एक डबी मिळते, तीही लहर पुढे ढकलते. आमच्या पुतण्याने प्रथम तीच आणली होती. तिचे नाव निराळे ठेवलेले असल्यामुळे जिना चढताना फोनवर बोलणे तुटे आणि हाताने दुसरे नाव निवडावे लागे. आत्याबाईंना ते जमणे शक्यच नव्हते.

हे कसे चालते ते टँकरच्या रांगेवरून चांगले समजते. टँकर गल्लीच्या तोंडाशी, आणि हंडे घरापर्यंत हातोहात द्यावयाचे. मधल्या बाईला हात दोनच. एका हंड्याला घेताना तिला दुसरा देता येत नाही, म्हणून तिच्यापुढे पाणी जवळजवळ निम्म्या वेगाने जाते. स्वस्त संचांतल्या मधल्या डब्याची हीच गत आहे. महागड्या संचांत घेण्याचे हात निराळे आणि देण्याचे निराळे असतात. आणि डबे आपसांत तारेने जोडले तर मग हातोहात देण्याचा प्रश्नच उरत नाही, ती नळाची लाइनच झाली.

यातूनच पुढची गोष्ट ध्यानात येईल. टँकरमध्ये जेवढे पाणी आहे त्याहून अधिक पाणी रांग लांब केल्याने मिळत नाही. दुकानदार हे सांगत नाहीत. म्हणून संच घेण्याआधी फोन घेऊन डब्याच्या अगदी शेजारी उभे राहा आणि वेग मोजा. तिथेही नेट रखडत असेल तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे, घराच्या भिंतीत नाही. दहा डबे आणले तरी व्यर्थ. डब्याजवळ उत्तम आणि आतल्या खोलीत वाईट असेल, तरच मेशचा विचार करावा.

तोही लगेच करू नये. ज्यांची दोन खोल्यांची घरे आहेत, क्वार्टर आहेत, त्यांनी डबा कोपऱ्यातून काढून मध्यभागी, छातीच्या उंचीवर ठेवला तरी पुष्कळ भागते. खर्च फक्त खिळ्याचा. आपल्या मंडळातल्या निम्म्या जणींना मी हेच सांगितले, आणि त्यांचे काम झाले. ज्यांची एकच खोली अडते त्यांनी तिथपर्यंत तार ओढून एखादा जुना राऊटर नुसता वाटप करण्यापुरता लावावा. आमच्या दिरांनी दुकानात असेच केले, मजुरीसह दीड हजारात झाले. तार उंदरांपासून जपावी लागते एवढेच. आमच्या घरात मात्र दोन चुली, चार फोनवाली मुले, मध्ये चौक आणि वर माडी. भिंती फोडून तार नेण्याला आत्याबाई तयार नव्हत्या. म्हणून तीन डब्यांचा संच आणला. नऊ हजारांच्या वर पैसे गेले. तेवढ्यात मुलीच्या शिकवणीचे तीन हप्ते भरले गेले असते, हे मी त्या दिवशी ह्यांना बोलून दाखविले.

संच आला म्हणजे संपले, असेही नाही. बसविणारा मुलगा दुसरा डबा थेट माडीच्या खोलीत ठेवून गेला. जिथे लहर मुळीच पोहोचत नाही तिथे डबा ठेवला तर तो बिचारा घेणार काय आणि देणार काय? डबा अर्ध्या वाटेवर हवा. मी आणि मुलीने एक दुपार घालवून दारांची रेघ धरली. ओसरीचे दार, चौक, माजघराचे दार असे डबे एकमेकांना जणू दिसतील असे ठेवले आणि तिसरा जिन्याच्या वळणावर टांगला. तेव्हापासून माडीवर नेट आहे. मुलीच्या परीक्षेचे सराव एकदाही तुटलेले नाहीत. जाड भिंतींच्या घरात दारे हीच वाट, हे माझे ठाम मत झाले आहे.

गैरसोयींत पहिली वीज. पूर्वी लाइट गेली की एका डब्याला एक लहानशी बॅटरी पुरत असे. आता डबे तीन, म्हणजे बॅटऱ्या तीन, नाहीतर घरभर इन्व्हर्टर. आम्ही दोनच बॅटऱ्या घेतल्या. लाइट गेली की मुलगी खाली येऊन माजघरात बसते. दुसरी गोष्ट उष्मा. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि यांतील पुष्कळ डब्यांच्या माहितीपत्रकात ४० अंशांपर्यंत चालवावे असे छापलेले असते. माळवदाखालच्या पश्चिमेच्या भिंतीवर डबा लावू नका. शिवाय एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या संचाशी सहसा जुळत नाही. एक बिघडला की पुन्हा त्याच दुकानी जावे लागते. मुलांवर नियंत्रण ठेवण्याच्या काही सोयी फुकट म्हणून दाखवितात आणि पुढे दरमहा पैसे मागतात, तेही विचारून घ्यावे.

लहरींनी आजार होतो का, हे बऱ्याच जणींनी विचारले. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सांगितले आहे की, मोबाइलचे मनोरे आणि असल्या बिनतारी जोडण्या यांच्या क्षीण लहरींमुळे आरोग्यास अपाय होतो असा पटण्याजोगा पुरावा नाही. रात्री डबे बंद ठेवावयाचे असतील तर विजेच्या बचतीसाठी अवश्य ठेवा.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे म्हणजे बोलावयास उभी राहिले, ती सांगते. नेट फक्त ओसरीत होते तेव्हा सगळी मुले ओसरीत बसत. कोण काय पाहतो हे येताजाता दिसे. आता ज्याची खोली त्याचे नेट. जेवायला हाक मारली तर उत्तर येत नाही. या गोष्टीची हळहळ आमच्या जाऊबाईंना फार वाटते, आणि ती खोटी नाही.

परंतु त्याच ओसरीत आमची पुतणसूनही बसत असे. तिचे माहेर नांदेडचे. आईशी व्हिडिओवर बोलावयाचे तर समोर सासरे, बाजूला आजेसासू, दारात कोणी तरी पाहुणे. "बरं आहे, सगळं बरं आहे" यापलीकडे वर्षभर ती बोलली नाही. आता ती आपल्या खोलीत दार लोटून बोलते. तिला दिवस गेले आहेत हे तिने पहिल्यांदा आईला सांगितले ते याच खोलीतून. नऊ हजारांच्या हिशेबात ही गोष्ट मी जमेच्या बाजूला धरली आहे, कोणी काहीही म्हणो.

यातच एक मेखही आहे. या संचांचा कारभार एका फोनवरच्या ॲपमधून चालतो. कोणता फोन केव्हा जोडला, किती वापरला हे त्यात दिसते. काहींत कोणत्या जागा पाहिल्या तेही दिसते. एका बोटाने कोणाचेही नेट बंद करता येते. आमच्या घरी ते ॲप पुतण्याच्या फोनवर होते. एका रात्री त्याने बायकोचे नेट नऊ वाजता बंद केले. का, तर लवकर झोपत जा म्हणून. तो स्वतः बारापर्यंत क्रिकेट पाहत होता! तिने तक्रार केली नाही. माझ्या मुलीच्या लक्षात आले, तिने मला सांगितले, आणि मी आत्याबाईंना. आत्याबाईंनी आयुष्यभर कोठीची किल्ली कमरेला लावली आहे. त्यांना ॲप कळले नाही, पण किल्ली कळली. दुसऱ्या दिवशी सर्वांना बसवून त्या म्हणाल्या, "किल्ली एकाच्या हाती राहणार नाही." पुतण्या चार दिवस माझ्याशी बोलला नाही. आता ते ॲप जाऊबाईंच्याही फोनवर आहे, कारण आमच्या संचात दुसऱ्या माणसाला कारभारी नेमता येते. घेताना दुकानात हे आवर्जून विचारा. मुलांचे नेट रात्री दहाला बंद होते, मोठ्यांचे कोणीही बंद करावयाचे नाही, असे ठरले आहे. पाहुण्यांसाठी निराळे नाव आणि निराळा परवलीचा शब्द करता येतो. तो केल्यापासून लग्नसराईत घरचा शब्द गावभर होत नाही.

मासिक बिलाबद्दलही दोन चुलींत थोडी कुरबुर झाली. फोन मोजून वाटणी करावी असे भाऊजींचे म्हणणे, माणसे मोजून करावी असे आमच्या ह्यांचे. सध्या एक महिना ते, एक महिना आम्ही, असे चालू आहे.

ज्यांना घेण्यापूर्वी आपल्या घरातले नेट कुठे अडते हे पाहावयाचे असेल त्यांनी मला सांगावे. मी व मुलगी फोन घेऊन येऊ आणि खोली खोली हिंडून वेग लिहून देऊ. तिची परीक्षा होईपर्यंत मात्र रविवारीच. नळाच्या दिवशी बोलावू नका, त्या दिवशी मला सवड नसते.