भीती आणि आठवण
(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु ज्यांची नावे पुकारली गेली नाहीत, त्यांपैकी काहींची बाजू मांडण्यासाठी आम्ही उभे आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरतेच. तथापि सारा जन्म मुलांत गेला, आणि निवृत्तीनंतर थोडे वाचन घडले. त्या बळावर चार शब्द सांगतो.

नोकरीच्या आरंभीची गोष्ट. शाळेची तपासणी होती. एकोणतीसचा पाढा ज्यास मुखोद्गत होता, असा मुलगा आम्ही साहेबांपुढे उभा केला. त्याचे ओठ सुकले, शब्द फुटेना. साहेब गेल्यावर आम्ही त्यास छडी दिली. सायंकाळी तोच मुलगा विहिरीवर भेटला, आणि तो पाढा त्याने न अडखळता म्हणून दाखविला! सकाळी काय झाले, असे विचारता तो म्हणाला, "पाटी पुसल्यागत झालं, गुरुजी." आम्हांस ती सबब वाटली. तो अक्षरशः खरे बोलत होता, हे कळावयास आम्हांस म्हातारपण यावे लागले.

आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन लहान ग्रंथी असतात. मनुष्य भ्याला की त्यांतून प्रथम अॅड्रिनॅलिन आणि काही मिनिटांनी कॉर्टिसॉल हे द्रव्य रक्तात उतरते. आठवणी सांभाळणारा मेंदूचा जो भाग, ज्यास हिप्पोकॅम्पस म्हणतात, त्यावर कॉर्टिसॉलचा मोठा प्रभाव पडतो. 1998 साली कॅलिफोर्नियातील जेम्स मॅगॉ व त्यांचे सहकारी यांनी उंदरांवर प्रयोग केला. पाण्याखालील चौथरा शोधण्यास शिकविलेल्या उंदरांना दुसऱ्या दिवशी विजेचा सौम्य झटका दिला. झटक्यानंतर दोन मिनिटांनी त्यांना चौथरा आठवला, चार तासांनीही आठवला. अर्ध्या तासाने मात्र आठवेना. म्हणजे ज्ञान नाहीसे झाले नव्हते, केवळ वाट काही काळ बंद झाली होती. 2000 साली माणसांवरील प्रयोगातही हेच दिसले. आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द, आठवण्यापूर्वी तासभर कॉर्टिसोनची गोळी घेतली असता, कमी आठवले.

यात आणखी एक चमत्कार आहे. हीच द्रव्ये आठवण्यात अडथळा आणतात, पण त्या क्षणी जे घडते ते मनावर अधिक घट्ट कोरतात. तो मुलगा पुढे अनेक वर्षांनी बाजारात भेटला. छडी कोणत्या हातावर बसली, हे त्याने हसत सांगितले. आम्ही मात्र हसू शकलो नाही. आम्हांस शिकवायचा होता पाढा, शिकविली छडी.

मातापित्यांस आमची विनंती इतकीच, की परीक्षेच्या सकाळी मुलास धाक घालू नये. "नापास झालास तर याद राख" हे वाक्य प्रश्नपत्रिका हाती पडण्याच्या ऐन वेळी त्याची स्मृती अडवू शकते. जे सांगणे असेल ते महिनोन् महिने आधी सांगावे, आणि तेही प्रेमाने.

विद्यार्थ्यांस एक उपाय सांगतो. 2016 साली अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठात असे आढळले, की जे विद्यार्थी नुसते पुनःपुन्हा वाचीत न बसता, पुस्तक मिटून स्वतःशी आठवून पाहतात, त्यांची स्मृती ताणाच्या प्रसंगीही टिकते. दिवेलागणीस परवचा म्हणविणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना यातील शास्त्र ठाऊक नव्हते, परंतु रीत बरोबर होती. ती घरोघर पुन्हा सुरू व्हावी.

पुढील वर्षी या व्यासपीठावर आज न आलेली काही मुले दिसावीत, आणि त्यांच्या तळहातांवर वळ नसावेत, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.