आज्ञा, उदाहरण आणि प्रत्युदाहरण

(ग्वाल्हेरच्या पडाव भागात मराठी लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



साहित्याच्या व्यासपीठावर संगणकाच्या आज्ञांचे काय काम, असे काहींच्या मनात आले असेल. पण एखादी कमांड कशी वापरावी हे सांगणारे पान हाही गद्याचाच प्रकार आहे, आणि आपली बरीच मुले पोटापाण्यासाठी हेच गद्य वाचतात. ते उमगले नाही की दुसऱ्याने दिलेली ओळ अर्थ न कळता तशीच चिकटवतात. चालली तर ठीक; न चालल्यास हा विषय आपला नव्हेच, असे ठरवून मोकळी होतात. हे मला बोचते.

युनिक्स प्रणालीची पहिली मार्गदर्शिका 3 नोव्हेंबर 1971 ची, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची. प्रत्येक आज्ञेच्या पानाला ठरीव मथळे होते: नाव, मांडणी, वर्णन, इतकेच काय, 'दोष'सुद्धा. आपल्या वस्तूतले दोष स्वतःच छापणे हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. पण 'उदाहरणे' हा मथळा त्या यादीत नव्हता. वाचणारे बहुतेक त्याच प्रयोगशाळेतले. अडले तर जाऊन विचारता येत होते. पुढे प्रणाली जगभर गेली, विचारायला शेजारी कोणी उरले नाही. 2013 साली स्वयंसेवकांनी 'टीएलडीआर पेजेस' सुरू केली, ती या उणिवेपोटीच. तिथे वर्णन ओळी-दोन ओळींचे आणि खाली एका आज्ञेची फार तर आठ उदाहरणे.

यात आपल्याला नवल वाटू नये. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच सांगून ठेवले आहे की सूत्रातली पदे सुटी करून दाखवणे म्हणजे व्याख्यान नव्हे. उदाहरण, प्रत्युदाहरण आणि अध्याहृत शब्द हे सारे मिळून व्याख्यान होते. मोरो केशव दामले पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातल्याच उज्जैनला, माधव कॉलेजात शिकवत. त्यांचे 1911 चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' उघडून पाहा. नियमाशेजारी वाक्य असतेच, आणि ते आपल्या बोलण्यातले असते.

आता एक आज्ञा घेऊ. डब्ल्यूसी, काम मोजण्याचे. पानावर लिहिलेले असते की सी हा पर्याय दिला तर बाइट मोजले जातात, एम दिला तर वर्ण. इंग्रजी शब्दावर करून पाहिले तर दोन्हींचे उत्तर एकच. विद्यार्थी म्हणणार, मग पर्याय दोन कशाला? तिथे 'ग्वाल्हेर' हा शब्द द्या. आपण वाचताना अक्षरे मोजतो तीन: ग्वा, ल्हे, र. युनिकोडच्या हिशेबात वर्ण होतात नऊ, कारण दोन हलन्तचिन्हे, काना आणि मात्रा हेही स्वतंत्र मोजले जातात. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट लागतात, म्हणून बाइट सत्तावीस. ओळ संपल्याची खूण असेल तर दोन्ही आकड्यांत एकेक वाढतो. तीन, नऊ, सत्तावीस! इंग्रजी उदाहरणात न दिसणारा भेद आपल्या शहराच्या नावाने एका ओळीत दाखवला. म्हणून म्हणतो, इंग्रजी पानाचे नुसते भाषांतर करून भागणार नाही. उदाहरण मराठीतूनच सुचायला हवे.

प्रत्युदाहरणाकडे तर कोणीच फारसे लक्ष देत नाही. आरएम ही आज्ञा फाइली पुसते, आणि कचराटोपलीत न ठेवता पुसते. तारांकन आणि लगेच 'डॉट बॅक' लिहिले तर फक्त त्या शेपटीच्या फाइली जातात. मध्ये चुकून एक मोकळी जागा पडली तर? तारांकन एकटे उरते, आणि त्या फोल्डरमधल्या जवळपास सगळ्याच फाइली जातात. पीएचडीच्या विद्यार्थ्याचे प्रबंधाचे प्रकरण असे जाऊ शकते. वर्णनात हे नियमाने निघते खरे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. 'असे लिहा' याच्या खाली 'असे लिहू नका, कारण' ही ओळ हवीच.

परिभाषेबद्दल एकच बोलतो. 'कमांड' म्हणावे की 'आज्ञा', 'फाइल' की 'धारिका', यावर आपल्या बैठकांचे तास गेले आहेत. उदाहरण चांगले असेल तर वाचणारा दोन्हींतून काम भागवतो. आधी उदाहरणे लिहू, शब्द वापरात घासून ठरतील.

शिक्षकांकडे माझी मागणी जरा वेगळी आहे. सॉर्ट नावाची आज्ञा शब्द क्रमाने लावते. केवळ युनिकोडच्या क्रमांकांनुसार लावले तर 'कळस' आधी येतो आणि 'कवडी' नंतर, कारण तिथे ळ हा ल च्या पाठोपाठ, व च्या आधी बसवला आहे. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे कवडी आधी हवी. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांचेही तेच: यंत्र त्यांना क आणि ज खाली घालते, आपण शाळेत शेवटी म्हणतो. सॉर्टच्या मराठी पानावर कोणती यादी बरोबर म्हणून छापायची, हे संगणकवाल्याने एकट्याने ठरवू नये. व्याकरण शिकवणाऱ्या कोणीतरी वीस-पंचवीस शब्दांची यादी करून द्यावी. आज्ञा चालवून दोन्ही क्रम शेजारी मांडण्याचे काम इथले विद्यार्थी करतील.