न खाजणारा चट्टा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



त्वचारोगांवरील नव्या संशोधनाविषयी बोलण्याचा अधिकार खरे म्हणजे डॉक्टरांचा. मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक आहे. परंतु रोज पन्नास-साठ मुलांचे हात, माना आणि चेहरे आमच्या डोळ्यांसमोर असतात, आणि आईबापांच्याही आधी कधी कधी आम्हांला काही दिसते. मागे एका पालकसभेत मी एका भगिनीला तिच्या मुलाच्या हातावरील डागाबद्दल विचारले. ती म्हणाली, "सर, खाजत नाही, दुखत नाही. मग काळजी कशाची?" आज जे काही सांगणार आहे ते या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी खाजणाऱ्या चट्ट्याचे पाहू, कारण तो घरोघरी आहे. पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडे चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. ओलसर कपडे तसेच अंगावर चढतात. खोपोलीच्या कारखान्यात पाळी करणारा माणूस घामाने भिजलेल्या कपड्यांत आठ तास काढतो. अशा ठिकाणी गजकर्ण होणारच, आणि एकाला झाले की टॉवेल, चादर, लुंगी यांतून ते घरभर फिरते. पूर्वी साध्या मलमाने जाणारे हे दुखणे आता वर्ष-वर्ष का रेंगाळते, याचा शोध गेल्या काही वर्षांत लागला आहे. २०२० साली जपानमधील संशोधकांनी नेपाळी व भारतीय रुग्णांच्या त्वचेवर सापडलेल्या बुरशीची एक निराळी जात ओळखली. तिचे नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच 'इंडो' आहे. जगात नाव काढण्याचा हा काही चांगला मार्ग नव्हे! टर्बिनाफिन हे गजकर्णावरील हमखास समजले जाणारे औषध बुरशीच्या ज्या एंझाइमवर घाव घालते, त्या एंझाइमची घडणच या जातीत पुष्कळदा बदललेली असते. त्यामुळे गोळी खाऊनही गुण येत नाही. २०२३ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथेही तिचे रुग्ण नोंदले गेले.

या संकटाला आपणही हातभार लावला आहे. दुकानात 'गजकर्णाची ट्यूब द्या' म्हटले की जी ट्यूब पुढे येते, तीत बहुधा बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि तीव्र स्टिरॉइड अशी तिहेरी मिसळ असते. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, आणि आपण दुकानदाराला दुवा देतो. पण त्याच स्टिरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती मंदावते व बुरशीला मोकळे रान मिळते. ट्यूब बंद केली की चट्टा दुप्पट होऊन परततो. हीच मलमे काही मुली गोरेपणासाठी चेहऱ्याला लावतात. मग त्वचा पातळ होते, मुरमे येतात, लव वाढते आणि उन्हात चेहरा जळतो. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याची १४ स्टिरॉइड औषधे शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. प्रत्यक्षात काय होते हे आपण सारे जाणतो.

आता न खाजणारा चट्टा.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात, आठवीत, एक मुलगा होता. गाव सांगत नाही. स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्याने चहाची गरम किटली उचलून आणली. किटली खाली ठेवल्यावर शेजारच्या मुलाने पाहिले तर याच्या करंगळीला टरटरून फोड आलेला, आणि याला पत्ताच नाही. 'भाजले कसे नाही रे?' असे विचारले तर तो नुसता हसला. मी त्याची बाही वर केली. कोपराच्या खाली फिकट, तांबूस, रुपयाहून मोठा चट्टा होता. दीड वर्ष त्यावर तीच ट्यूब चालू होती. घरात मोठ्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालली होती, म्हणून आईने त्याला पूर्ण बाह्यांचे सदरे शिवून दिले होते आणि कोणाला दाखवू नकोस अशी शपथ घातली होती. मार्चच्या उकाड्यात सारा वर्ग बाह्या दुमडून बसत असे आणि हा तसा बसत नसे, हे मी वर्षभर पाहत होतो. एकदाही विचारले नाही. त्या माउलीला दोष देताना मला स्वतःला वगळता येत नाही.

तो कुष्ठरोग निघाला. उर्दूत जुजाम, जुन्या मराठीत महारोग. त्याचा जंतू १८७३ साली नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी शोधला, तेव्हाच हे पाप, शाप किंवा रक्तदोष नव्हे हे ठरून गेले. आपल्या कानांवर मात्र ते अजून नीट आलेले नाही. हा जंतू विलक्षण संथ आहे. इतर जंतू तासाभरात दुणावतात, याला एकाचे दोन व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून लागण झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, क्वचित वीस वर्षेही जातात. त्याचे घर त्वचेत आणि मज्जातंतूंत असते. कोपराच्या मागे जो मज्जातंतू आपटला की हाताला झिणझिण्या येतात, तोच करंगळीकडे जातो. तो बधिर झाला की बोटाला चटका कळत नाही, पुढे बोट वाकते. न दुखणे हेच येथे दुखणे आहे. वरून चोळलेली ट्यूब तेथपर्यंत पोहोचत नाही. ती फक्त दिवस खाते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. पांढरेशुभ्र डाग, म्हणजे कोड, ज्याला आपण बरस म्हणतो, तो हा रोग नव्हे. कोडाच्या जागी स्पर्श पूर्ण कळतो, तो कोणाकडून कोणाला लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेतील रंगपेशींवर उलटल्याने तो होतो. त्यावरील रुक्सोलिटिनिब या मलमाला २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन्हींची गल्लत करून आपण कित्येक निरपराध मुली घरी बसवून ठेवल्या आहेत.

कुष्ठरोगावर एके काळी सह्याद्रीच्या रानातील कडू कवठाचे तेल, एवढाच काय तो आधार होता. मग डॅप्सोन आले, पण जंतू त्याला सरावले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली आणि चित्र पालटले. रोगाच्या प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने गोळ्यांची पाकिटे घ्यायची, सरकारी दवाखान्यात, फुकट. एप्रिल २०२५ पासून आपल्या देशात थोडे चट्टे असणाऱ्यांनाही दोनऐवजी तीन औषधे देण्यात येऊ लागली. गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून इतरांना लागण होण्याची भीती राहत नाही. शंभरातील सुमारे ९५ माणसांत या रोगाला मुळातच प्रतिकार असतो. बांगलादेशात वीस हजारांहून अधिक निकटवर्तीयांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रिफाम्पिसिनच्या एकाच मात्रेने पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण ५७ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून रुग्णाच्या घरच्यांना आता ही मात्रा देतात. पण रुग्णच लपला तर घरच्यांना ती कोण देणार?

आमच्या त्या मुलाची लघवी गोळीने लाल झाली तेव्हा घर घाबरले. ते रिफाम्पिसिनमुळे होते, त्यात धोका नाही. क्लोफॅझिमिनने चेहरा काळवंडला, वर्गातील मुलांनी विचारायला सुरुवात केली; औषध संपल्यावर हळूहळू रंग परत आला. मज्जातंतूची सूज उतरावी म्हणून डॉक्टरांनी त्याला प्रेडनिसोलोन दिले. तेही स्टिरॉइडच! दुकानातील ट्यूबने ज्याचा घात केला, त्याच जातीच्या औषधाने मापात आणि देखरेखीखाली त्याचा हात वाचवला. करंगळी मात्र थोडी वाकडी राहिली. दीड वर्ष आधी आला असता तर राहिली नसती, असे डॉक्टर म्हणाले. बहिणीचे लग्न ठरल्याप्रमाणे झाले.

डिसेंबर २००५ मध्ये देशाने कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आणले. लोकांनी याचा अर्थ 'रोग संपला' असा घेतला. मग मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चच्या संशोधकांनी आपल्याच जिल्ह्यात, पनवेल तालुक्याच्या ग्रामीण भागात आणि मुंबईच्या काही वस्तीत घरोघर जाऊन तपासणी केली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी अधिक रुग्ण घरांत न सापडलेले होते, आणि त्यांत मुलेही होती. नेऱ्याचे शांतिवन तेथून हाकेच्या अंतरावर. पनवेल आपल्याला लागूनच आहे. चट्टा तालुक्याची हद्द पाहून थांबत नाही.

लपवण्याचे कारण लग्न, हे मी जाणतो. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा १९३९ सालचा. नवऱ्याला कुष्ठरोग असणे हे त्यात पत्नीला तलाक मागण्याचे एक कारण होते. त्या काळी खात्रीचे औषधच नव्हते, म्हणून ते कलम समजण्यासारखे होते. २०१९ साली संसदेने ते काढून टाकले. हिंदू व ख्रिस्ती कायद्यांतूनही काढले. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कायदा एवढा पुढे आला, आणि आपण मात्र लांब बाह्यांचे सदरे शिवत बसलो आहोत. आठव्या शतकाच्या आरंभी दमास्कसचा खलिफा वलीद याने कुष्ठरोग्यांना वजीफा बांधून दिला होता, त्यांनी भीक मागू नये म्हणून. ज्या रोगाला शिफा नाही असा रोग अल्लाहने उतरवला नाही, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. दम केलेले पाणी जरूर द्या, मनाई नाही. गोळी चुकवू नका.

तपासणी दोन मिनिटांची आहे. डोळे मिटायला सांगतात, चट्ट्याला हलकेच पेनाचे टोक लावतात, आणि जेथे स्पर्श कळला तेथे बोट ठेवायला सांगतात. कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे व चौक येथील ग्रामीण रुग्णालये, किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, कोठेही जा. पाठीवरचा, कमरेवरचा डाग स्त्रियांना स्वतःला दिसत नाही आणि संकोचाने त्या कोणाला दाखवत नाहीत. घरोघर शोधमोहीम येते तेव्हा आशाताई बरोबर असतात, त्यांना आतल्या खोलीत नेऊन दाखवा, दारातून परत पाठवू नका. आणि डॉक्टरांकडे जाताना आजवर लावलेली ट्यूब बरोबर घेऊन जा, संपून चपटी झालेली असली तरी.