तारे आणि शेरे : मोबाईलवरच्या बाजारातला काटा
(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले भाषण)



बाजार समितीत माल नेला की आपण आधी काटा पाहतो. रिकामा काटा शून्यावर आहे ना, याची खात्री करतो आणि मगच पोतं चढवतो. आता बरीच खरेदी-विक्री मोबाईलवर होऊ लागली आहे. फवारणी पंप, ठिबकचं सामान, बियाणं घरबसल्या मागवलं जातं. काहीजण हळद, गूळ, आंब्याच्या पेट्या त्याच वाटेनं विकतात. या बाजारात माल हाताळून पाहता येत नाही आणि माणूसही ओळखीचा नसतो. तिथं काट्याचं काम करतात ते तारे आणि शेरे. गिऱ्हाईक एक ते पाच तारे देतं, दोन ओळींचा शेरा लिहितं आणि ते पाहून पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं की नाही ते ठरवतं. हा काटा कितपत खरा, आणि तो खरा राहावा म्हणून आपण काय करावं, ते आज पाहू.

ही पद्धत आली कुठून? अमेरिकेत १९९५ साली पिएर ओमिदियार यांनी लिलावाचा एक ऑनलाइन बाजार सुरू केला. पुढे तो ईबे या नावानं प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसांनी एकमेकांवर भरवसा ठेवावा कसा, म्हणून १९९६ मध्ये तिथं शेरे सुरू झाले. व्यवहार झाला की घेणाऱ्यानं विकणाऱ्याबद्दल आणि विकणाऱ्यानं घेणाऱ्याबद्दल शेरा द्यायचा. चांगल्याला अधिक एक, वाईटाला उणे एक, मधल्याला शून्य. दोघांनाही हक्क सारखा. यापेक्षा न्यायाची गोष्ट कोणती, असं कुणालाही वाटेल.

पण झालं वेगळंच. काही विकणारे आपला शेरा मुद्दाम मागे ठेवू लागले. गिऱ्हाईकानं वाईट लिहिलं, की त्याच्याही नावावर वाईट शेरा! या धाकानं नाराज गिऱ्हाईक गप्प बसायचं, नाहीतर मनाविरुद्ध चांगलं लिहायचं. मग जिकडेतिकडे चांगलेच शेरे. शेवटी मे २००८ पासून ईबेनं विकणाऱ्याचा वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला. त्यावर विकणारे कुरकुरले. "पैसे परत द्या, नाहीतर वाईट शेरा देतो," असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं तर आम्ही काय करायचं? अशा धमकीला तिथल्या नियमांत मनाई आहे, पण ती झाली हे दाखवून द्यावं लागतं विकणाऱ्याला.

मुक्कामाला घरं भाड्यानं देणाऱ्या एअरबीएनबीनं २०१४ साली दुसरा मार्ग काढला. मुक्काम संपला की १४ दिवसांत दोघांनी आपापला शेरा लिहायचा. दोन्ही शेरे आले, किंवा १४ दिवस उलटले, तरच ते उघड होतात. त्यामुळं समोरच्यानं काय लिहिलं ते पाहून सूड उगवता येत नाही. आपल्याकडे पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरत आणि त्या झाकण्यात शेतकरी नाडला जाई. इथं मात्र थोडा वेळ झाकल्यानं खरं बोलणं सोपं झालं.

यातून एकच गोष्ट ध्यानात घ्या. शेरा भीतीनं किंवा लालचीनं दिला, की काटा बिघडला. तारे किती आहेत यापेक्षा ते मोकळ्या मनानं दिलेले आहेत का, हे महत्त्वाचं.

आता घेणारे म्हणून आपण पाहू. बियाण्याची पिशवी घरी पोचली की थोड्याच दिवसांत मोबाईल विचारतो, किती तारे देता? पण पिशवी वेळेवर आली, एवढंच त्या दिवशी आपल्याला ठाऊक असतं. उगवण आठवड्यानं कळते, उत्पन्न हंगामाच्या शेवटी. तेव्हा बियाण्यावरचे तारे बहुधा पिशवीचे असतात, पिकाचे नव्हे! सोयाबीनसारखं बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा आणि आठवड्यानं मोजा. ७० किंवा त्याहून अधिक उगवले तर बियाणं पेरणीजोगं. ही पारख कुठलाही तारा करून देणार नाही.

विकणारे म्हणून आपली अडचण वेगळी आहे. आपल्याकडच्या बहुतेक खरेदीच्या ॲपवर तारे फक्त गिऱ्हाईकच देतं. समजा, तुमच्या गुळाला तिघांनी पाच-पाच तारे दिले आणि चौथ्यानं एकच दिला. सरासरी एकदम चारवर येते. तोच एक तारा दोनशे पंचतारी शेऱ्यांनंतर पडला, तर सरासरी ४.९८ राहते. म्हणजे चूक एकच, पण नव्या विकणाऱ्याला मार मोठा. त्यातून पेटी आपटली वाहतुकीत, तरी तारा कापला जातो शेतकऱ्याचा. म्हणून पेटी भरताना आणि बंद करताना फोटो काढून ठेवा. वाईट शेऱ्याला चिडून उत्तर देऊ नका. काय झालं आणि तुम्ही काय केलं, ते दोन ओळींत लिहा. पुढचं गिऱ्हाईक तेही वाचतं. आणि भावकीकडून तारे भरून घेऊ नका, पाच ताऱ्यांसाठी सूटही देऊ नका. तो दांडी मारल्यासारखाच प्रकार आहे.

कायदाही हेच सांगतो. २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-व्यापार नियमांनुसार विकणाऱ्यानं स्वतःच गिऱ्हाईक असल्याचं भासवून शेरे लिहायला मनाई आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा, असंही त्यात आहे. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन शेऱ्यांसाठी आयएस १९००० हे मानकही काढलं.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१. ताऱ्यांची सरासरी पाहण्याआधी शेरे किती जणांनी दिले ते पाहा. तिघांच्या पाचापेक्षा चारशे जणांचे सव्वाचार भरवशाचे.
२. एक, दोन आणि तीन ताऱ्यांचे शेरे आधी वाचा. तीच ती तक्रार पुन्हा पुन्हा दिसली तर थांबा.
३. एकाच दिवशी आलेले, एकाच छापाचे गोडगोड शेरे दिसले तर सावध व्हा.
४. शेरा देताना दोष मालाचा, वाहतुकीचा की वेष्टनाचा, ते स्पष्ट लिहा. समोरही एखादा शेतकरीच असेल.
५. बिल, पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपा. उगवण कमी झाली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. वाईट शेरा ही तक्रार नव्हे.
६. कंपनीनं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा.

मंडळी, काटा दुसऱ्यानं खरा ठेवावा असं म्हणताना आपलं मापही खरं हवं. चांगल्याला चांगलं म्हणा, वाईटाला पुराव्यानिशी वाईट म्हणा. म्हणजे या नव्या बाजारातही आपल्या शब्दाला वजन राहील.