ऐकणारे यंत्र



१९६६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ ही संगणकाची आज्ञावली सिद्ध केली. मानसोपचारकाचे सोंग घेऊन ती समोरच्याचेच शब्द प्रश्नरूपाने परत करी. अर्थ तिला मुळीच उमगत नसे. ती घडताना महिनोन्महिने पाहिलेल्या त्यांच्या सचिव-बाईंनीही दोन-चार प्रश्नोत्तरे होताच वायझेनबाउमना खोलीबाहेर जाण्यास सांगितले!

आपले कोणी ऐकावे, ही भूक एवढी प्रबळ असते. आज बोलकी यंत्रे हाताशी आहेत, म्हणूनच ग्रंथालयाची जबाबदारी वाढली आहे. पुस्तक परत घेताना ‘कसे वाटले?’ असे विचारून उत्तरासाठी क्षणभर थांबणारा माणूस पुढील शतकातही येथे असावा, एवढीच प्रार्थना.